काष्ठौषधीचे दुकान आणि विसरण्याचा आजार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी मुलखात लहान पोरालासुद्धा ठाऊक असते. आपल्या मोहल्ल्यात तीच गोष्ट 'सठिया गये' एवढ्या दोन शब्दांत सांगतात आणि हसून विषय संपवतात. म्हातारे माणूस एकच गोष्ट चारदा विचारू लागले, सुनेला लेकीच्या नावाने हाक मारू लागले, जेवून उठल्यावर 'मला कुणी वाढलेच नाही' म्हणू लागले, की घरची माणसे ती वयाची खोड समजतात. या म्हणीने आपले मोठे नुकसान केले आहे. साठीनंतर बुद्धी जायचीच असे एकदा मनाने घेतले, की हा आजार आहे, त्याला नाव आहे, त्याची तपासणी होते, हा विचारच कुणाला सुचत नाही. दवाखाना फार उशिरा आठवतो. त्याच्या आधी आठवतो तो नुस्खा.

नुस्ख्याविषयी बोलण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे. आमचे घराणे अत्ताराचे. 'जालना सोने का पालना' असे ज्या गावाला म्हणत, त्या गावात कादराबादच्या बाजूला आजोबांनी काष्ठौषधीचे दुकान टाकले. अब्बांनी ते पन्नासेक वर्षे चालवले आणि आता धाकटा भाऊ चालवतो. अंबड, घनसावंगी, बदनापूर, भोकरदनकडची गिऱ्हाइके येत. बाळंतकाढ्याचे सामान, बाळगुटीसाठी मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा. कुणाच्या हातात हकीमसाहेबांची उर्दूतली चिठ्ठी, कुणाच्या हातात वैद्यांची मराठीतली. अब्बा दोन्ही वाचत. लाकडी खणांवर नावे लिहिलेली होती, पण ती आमच्यासाठी. अब्बा चिमूटभर वस्तू नाकाशी धरत आणि पुडी बांधत. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की ब्राह्मी आणि शंखपुष्पीचा खप वाढायचा. डोके चालावे म्हणून साऱ्या तालुक्याने ज्यांच्याकडून औषध नेले, त्या माणसालाच २०१३ साली हा आजार झाला. आम्ही तीन भावंडे, दोघे भाऊ आणि एक बहीण; पुढे जे लिहिले आहे ते तिघांचे मिळून आहे.

आधी त्यांचे नाक गेले. एका दुपारी तगर आणि जटामांसी दोन्ही हातांत घेऊन ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बास नहीं आ रही रे." सर्दी असेल असे सगळ्यांना वाटले. वास कमी होणे हे या आजाराचे एक सुरुवातीचे लक्षण असू शकते, हे पुढे डॉक्टरांकडून कळले. मग उधारीच्या वहीत एकच नाव दोनदा येऊ लागले. मग एकदा असरची नमाज पढून घरी येताना, ज्या वाटेने ते साठ वर्षे चालले त्याच वाटेवर ते कुंडलिकेच्या पुलाशी उभे राहिले आणि ओळखीच्या एका फळवाल्याने त्यांना घरी आणून सोडले. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, एमआरआय केला, अब्बांना घड्याळ काढायला सांगितले. काटे वर्तुळाच्या बाहेर गेले. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर.

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली या आजाराचे पहिले वर्णन मांडले. त्यात मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत दोन प्रकारची प्रथिने साचतात, पेशी मरत जातात आणि मेंदू आकसतो. ताजी आठवण आधी जाते, जुनी मागाहून. आपल्याकडे विसरणे नवीन नाही. युनानी तिबमध्ये त्याला 'निसयान' म्हणतात आणि मेंदूतला थंड, ओलसर बलग़म हे त्याचे कारण मानतात. म्हणून इलाजात उष्ण औषधे येतात. उस्तुखुद्दूसला तर हकीम मंडळी 'जारूबे-दिमाग़', म्हणजे मेंदूचा झाडू म्हणतात. आयुर्वेदात चरकाने चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. दोन्ही शास्त्रांतल्या या वस्तू आमच्या दुकानात शेजारी शेजारी असत.

बातमी मोहल्ल्यात पसरली तशी औषधे घरी येऊ लागली. कुणी बादाम-खसखस वाटून आणले, कुणी कलौंजीचे तेल. खालाने खमीरा गावज़बान अंबरी पाठवला. शेजारचे पाटीलकाका सारस्वतारिष्टाची बाटली घेऊन आले. रियाधला असलेल्या भाच्याने गिंकोच्या गोळ्या पाठवल्या. प्रत्येकाच्या मागे माया होती. प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही उतरला आहे, या अर्थाची हदीस भेटायला येणारे आवर्जून सांगत. त्याच हदीसच्या एका रिवायतीत म्हातारपणाचा अपवाद केला आहे, हे मात्र आमच्या अम्मीनेच एकाला सांगितले. अम्मीचे शिक्षण चौथीपर्यंत. पण तिचा प्रश्न बरोबर होता. ती म्हणाली, "इनमें से कौनसी चीज़ सच्ची है, ये कौन बताएगा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हा तिघांना काही वर्षे लागली. जे सापडले ते असे.

पहिली अडचण नावाचीच आहे. बाजारात 'ब्राह्मी' म्हणून दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक खरी ब्राह्मी, तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मीही म्हणतात. पाणथळ जागी पसरणारी, जाड इवल्या पानांची. दुसरी मंडूकपर्णी, गोल किडनीच्या आकाराच्या पानांची. शंखपुष्पीचा घोळ याहून मोठा. आपल्या मुरमाड माळावर निळ्या बारीक फुलांची विष्णुक्रांता उगवते, तिला कुणी शंखपुष्पी म्हणतो. कुणी पांढऱ्या फुलांच्या वेगळ्याच रोपाला. कुठे गोकर्णालाही तेच नाव. ही गोष्ट आम्हाला पुस्तकातून नव्हे, अब्बांकडूनच कळली होती. गिऱ्हाईक 'ब्राह्मी द्या' म्हणाले की ते विचारत, "कौनसी? पानीवाली के गोलपत्तेवाली?" ज्या औषधाची ओळखच दुकानागणिक बदलते, त्याचा गुण सगळीकडे सारखा कसा येणार? आणि ओळखणारा माणूसच विसरू लागला तर?

दुसरी गोष्ट चाचण्यांची. जलब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने बरेच काम केले आणि तिच्यातले बॅकोसाइड नावाचे घटक अभ्यासले. परदेशातही निरोगी वृद्धांना बारा-बारा आठवडे तिचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा लक्षात ठेवण्याच्या परीक्षांत थोडा फायदा दिसला. पण निरोगी माणसाची आठवण थोडी तल्लख होणे आणि अल्झायमरने मरणाऱ्या पेशी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंदीगडच्या पीजीआयमध्ये अल्झायमरच्या रुग्णांत ब्राह्मी आणि डोनेपेझिल ही गोळी यांची तुलना झाली. दोहोंत ठळक फरक दिसला नाही, पण रुग्ण इतके थोडे होते की त्यावरून कौल देता येत नाही. कलौंजीचेही तसेच. २०१३ साली बांगलादेशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस वृद्धांवर नऊ आठवडे केलेला, निकाल चांगला, पण ते चाळीसही जण निरोगी होते.

केशराची गोष्ट जरा पुढे गेली आहे. २०१० साली तेहरानच्या संशोधकांनी अल्झायमरच्या सेहेचाळीस रुग्णांवर सोळा आठवडे चाचणी केली. रोज तीस मिलिग्रॅम केशर घेणाऱ्यांची अवस्था नुसती साखरगोळीसारखी कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा बरी राहिली. त्यांच्याच दुसऱ्या चाचणीत, चोपन्न रुग्णांत बावीस आठवडे, केशर डोनेपेझिलच्या बरोबरीने उतरले. आशा वाटावी असे हे काम आहे. पण चाचण्या लहान, मुदत थोडी, आणि हा आजार आठ-दहा वर्षे चालणारा.

मोठी चाचणी झाली ती गिंकोची. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ माणसांना सरासरी सहा वर्षे रोज दोनदा गिंको किंवा तशीच दिसणारी बनावट गोळी दिली. २००८ साली निकाल आला. गिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांत २४६ जणांना. म्हणजे गिंकोने आजार थांबवला नाही. अब्बा रक्त पातळ राहावे म्हणून आधीच ॲस्पिरिन घेत होते आणि गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, असे डॉक्टरांनी बजावले. भाच्याच्या गोळ्या कपाटातच राहिल्या.

हळदीविषयी तर आपण अभिमानाने बोलतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमर फार कमी आढळल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचे श्रेय लोकांनी आमटीतल्या हळदीला देऊन टाकले. पुढे अल्झायमरच्या रुग्णांना हळदीतले कर्क्युमिन देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसला नाही. ते पोटातून रक्तात फारसे उतरतच नाही. आणि २०२३ साली देशभराचा जो अंदाज आला, त्यात साठीपुढच्या माणसांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचे दिसले. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. हे सगळे हळद खाणारेच आहेत.

हे वाचून कुणी म्हणेल, मग झाडपाला सगळा खोटा. तसेही नाही. अल्झायमरच्या ज्या गोळ्या मेंदूचे डॉक्टर लिहून देतात, त्यांतली गॅलँटामिन ही स्नोड्रॉप नावाच्या फुलाच्या कंदातून प्रथम मिळाली आणि आता डॅफोडिलपासूनही काढतात. डॅफोडिल म्हणजे आपल्या शायरांची नर्गिसच. अब्बांना पुढे जी दिली गेली ती रिव्हास्टिग्मिन पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी घेवड्यातल्या द्रव्याच्या धर्तीवर तयार झाली. या गोळ्याही आजार बरा करत नाहीत, काही काळ लक्षणे हलकी करतात, एवढेच. पण किती मिलिग्रॅम, कुणाला, किती दिवस आणि काय त्रास होऊ शकतो, हे हजारो माणसांवर पाहून लिहून ठेवले आहे. वनस्पती आणि औषध यांत फरक पडतो तो इथे.

आपल्या लोकांनी हे काम पूर्वी केलेले आहे. हकीम अजमल ख़ान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा पाया घातला. तिथे सलीमुज़्ज़माँ सिद्दीक़ी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून 'अजमलिन' नाव दिले. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन, नोंदी ठेवून, १९४९ साली निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापला. त्यानंतर जगाने सर्पगंधा घेतली. आज महाराष्ट्रात मालेगाव, पुणे, जळगाव, अक्कलकुवा इथे युनानी कॉलेजे आहेत, आपली मुले-मुली तिथे शिकतात. उस्तुखुद्दूस आणि ब्राह्मी यांची अशी पारख त्यांनी का करू नये? नुस्ख्यावर प्रेम असणाऱ्यानेच तो तपासायला दिला पाहिजे.

तपासणी नसेल तर काय होते तेही आमच्या घराने पाहिले. एका मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने 'सहा महिन्यांत आठवण परत' असे सांगून माजूनच्या बरण्या दिल्या. पैसे भरपूर घेतले. बरणीवर घटक लिहिलेले नव्हते. स्मरणशक्ती वाढवण्याचा असा दावा औषधावर करण्याला औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये बंदी आहे, हे त्या विक्रेत्याला माहीत नसेल असे वाटत नाही. त्याच काळात अब्बांचा रक्तदाब वर जाऊ लागला. माजूनमुळेच असे आम्ही म्हणू शकत नाही, कारण तिच्यात काय होते ते कुणालाच ठाऊक नाही. पण चरकाच्या चार रसायनांतला ज्येष्ठमधही बरेच दिवस, बराच घेतला तर रक्तदाब वाढवतो, हे सिद्ध आहे. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांत मिळणारी दक्षिण आशियातली सत्तर आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे तर मेंदूचाच शत्रू. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बरण्या बंद झाल्या.

मग आठवण राखायला काही आहे की नाही? आहे, पण ते खणात मिळत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने चौदा कारणे मोजली, जी सांभाळली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, वाढलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बसून राहणे, उदासी, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, दृष्टी अधू होणे आणि एकटेपणा. ही यादी आम्ही आपल्या मोहल्ल्यावर ठेवून पाहिली. पुरुष निदान पाच वेळा मशिदीपर्यंत चालत जातो, चार माणसांना भेटतो, दुआ-सलाम करतो. त्याच घरातली बाई? तिचे शिक्षण लवकर सुटलेले, चालणे स्वयंपाकघर ते न्हाणी, साखरेची गोळी संपली तरी सांगत नाही, ऐकू कमी येते तर 'बुढ्ढी बहरी हो गई' म्हणून तिच्याशी बोलणेच बंद. बायकांत हा आजार जास्त का, याचे थोडे उत्तर आपल्या घरांतच आहे. मुलीला शिकवणे हे पन्नास वर्षांनंतरच्या तिच्या आठवणीचेही औषध आहे. आणि प्रत्येक विसरणे अल्झायमर नसते. बी-१२ कमी असणे, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही माणूस विसरतो आणि ते विसरणे इलाजाने भरून येऊ शकते. नुस्खा करत दोन वर्षे घालवली तर हीच संधी जाते.

अब्बांचा आजार नऊ वर्षे चालला. शेवटी शेवटी संध्याकाळ झाली की ते घाबरत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्या दिवसांतले काहीतरी परत येई. "दरवाज़ा लगा लेव, बाहर कोई है," म्हणत ते अम्मीला आत ओढत. आमची नावे गेली होती, ती भीती मात्र शाबूत होती. ज्या डोक्यातून इतके गळून गेले त्यात हेच का राहावे, याचा आम्हाला फार त्रास व्हायचा. कडी लावली, दिवा लावला, त्यांचा हात धरून बसले की ते शांत होत. यावर दुसरे औषध आम्हाला मिळाले नाही.

नमाजेत रकात चुकत. दोनाच्या जागी पाच होत, कधी सज्द्यातच राहून जात. एक नातेवाईक त्यांना टोकू लागले तेव्हा मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी समजावले, की ज्याची अक्कल राहिली नाही त्याच्यावरून हिशेबाची लेखणी उचललेली असते. त्यांना पढू द्या. म्हातारपण गाठलेल्या आईबापांपुढे 'उफ्'सुद्धा काढू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती पाळायला किती ताकद लागते हे अम्मीकडे पाहून कळले. रात्री तीनदा उठून त्यांना बदलणारी ती, आणि भेटायला येणारे विचारत, "भाईसाहब कैसे हैं?" तिला कुणी विचारत नसे. अशा घरात बहिणीने आठवड्यातली दोन रात्री स्वतःकडे घेतल्या, भावांनी दुपार वाटून घेतली, तेव्हा अम्मीचे डोके दुखणे कमी झाले. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे माजूनची बरणी नेण्यापेक्षा एक रात्र त्याच्याजवळ बसायला जावे, एवढी आमची वाचकांना विनंती आहे.

२०२२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी अब्बा गेले. आजार कळला त्या पहिल्या वर्षी, त्यांना बरेच आठवत असताना, बहीण रोज दुपारी एक खण उघडून त्यांच्यासमोर बसायची. वस्तूचे उर्दू नाव, मराठी नाव, ओळखायची खूण, कशात भेसळ होते, हे ती लिहून घेई. दोनशे पानी वही भरत आली होती. शेवटच्या पानांवर नुसती नावे आहेत, खुणा नाहीत. तोवर त्यांना सांगता येईनासे झाले होते. दोन ब्राह्मींचा फरक मात्र सविस्तर लिहिलेला आहे.

ती वही आता गल्ल्याच्या वरच्या फळीवर असते. आठवणीचे औषध मागायला कुणी आले की धाकटा भाऊ आधी विचारतो: वय किती, किती दिवसांपासून विसरतात, साखर-बीपी कधी तपासले, कोणत्या गोळ्या चालू आहेत? मागच्या महिन्यात घनसावंगीकडची एक सून सासूसाठी ब्राह्मी मागायला आली होती. सासूला दोन वर्षांपासून विसर पडत होता आणि दवाखाना झालेला नव्हता. भावाने तिला पुडी दिली नाही, मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ती थोडी नाराज होऊन गेली. पत्त्यावर पोचली की नाही, माहीत नाही. गल्ला पूर्वीपेक्षा कमी भरतो. बाळंतकाढा आणि बाळगुटी यांवर दुकान चालते.